देवासची टेकडी

उज्जैनच्या माधवनगरात, ज्यास तेथील लोक आजही फ्रीगंज असेच म्हणतात, घड्याळाच्या मनोऱ्यापाशी उभे राहून सभोवार दृष्टी टाकली तर नजरेत भरावा असा डोंगर कोठेच दिसत नाही. आखून काढलेले सरळ रस्ते, दुतर्फा दुकाने, मागील बाजूस बंगल्यांच्या व चाळींच्या रांगा, आणि रेल्वेचे रूळ ओलांडले की पलीकडे महाकालाची जुनी नगरी, असा सगळा सपाटीवरचा मामला आहे. गढकालिकेच्या परिसरात जी काही उंचवट्याची जागा आहे, ती पुरातन उज्जयिनीच्या मातीच्या तटाची व तिच्याखाली गाडल्या गेलेल्या वस्तीची आहे. निसर्गाने या नगरीला नदी दिली, पण डोंगर दिला नाही.

मात्र या नगरीच्या मोठ्या बसस्थानकाचे नाव 'देवास गेट' आहे. तेथून आग्नेयेकडे निघालेली गाडी तासाभरात देवास गावी पोहोचते. अंतर सुमारे पस्तीस-चाळीस किलोमीटरांचे. वाटेत माळव्याची काळी जमीन दोन्ही बाजूंस पसरलेली असते. पावसाळ्यात सोयाबीन, हिवाळ्यात गहू नि हरभरा, उन्हाळ्यात भेगाळलेली ढेकळे. या सपाटीत मध्येच शंकूच्या आकाराची एक टेकडी वर आलेली दिसू लागते आणि गाडीतील जुनी माणसे नकळत हात जोडतात. ती देवासची टेकडी होय. गावाच्या पातळीपासून ती सुमारे तीनशे फूट उंच आहे. सह्याद्रीच्या कुशीत वाढलेल्या माणसाला ही उंची काहीच वाटणार नाही. परंतु उंची ही सभोवतालच्या मानाने मोजायची असते, आणि जेथे कोसभर अंतरात दुसरा चढ नाही तेथे तीनशे फुटांचा डोंगरही साऱ्या मुलखाचा राखणदार ठरतो.

टेकडीचा दगड दख्खनच्या पठाराचाच, काळा बसाल्ट. सह्याद्री ज्या लाव्हाच्या थरांतून घडला, त्याच थरांचे उत्तरेकडील टोक म्हणजे माळव्याचे पठार. तेव्हा मराठी माणूस माळव्यात येण्यापूर्वी सहा-साडेसहा कोटी वर्षे त्याच्या मुलखातला दगड तेथे येऊन बसलेला होता, असे म्हणण्यास हरकत नाही.

या टेकडीवर दोन देवी आहेत. एक तुळजाभवानी, तिला लोक 'बडी माता' म्हणतात. दुसरी चामुंडा, ती 'छोटी माता'. चामुंडेची मूर्ती डोंगराच्या कातळातच कोरलेली आहे. खालून वर जाण्यास पायऱ्यांची वाट आहे, अलीकडे तारेवरून जाणारे पाळणेही झाले आहेत. तथापि नवरात्रात बहुतेक माणसे पायीच चढतात. उज्जैनहून, इंदूरहून आणि खेड्यापाड्यांतून रात्री-अपरात्री चालत आलेले जथे पहाटे टेकडीच्या पायथ्याशी दिसतात. डोंगराला प्रदक्षिणा घालण्याची वाट आहे. दोन्ही देवींचे दर्शन झाल्याशिवाय यात्रा पुरी होत नाही असे मानतात.

या दोन देवींविषयी देवासकर एक कथा सांगतात. दोघी बहिणी, एकदा त्यांचे बिनसले आणि दोघींनीही हे ठिकाण सोडून जाण्याचे ठरविले. थोरली पाताळात उतरू लागली, धाकटी डोंगर सोडून निघाली. तेव्हा हनुमान व भैरव यांनी हात जोडून दोघींची विनवणी केली. देवींचा राग निवळला. पण ज्या स्थितीत त्या थांबल्या त्याच स्थितीत राहिल्या. थोरली अर्धी जमिनीत गेलेली, धाकटी निघण्याच्या पवित्र्यात उभी. भांडण झाले, ते पुरते मिटलेही नाही. पण घर मोडले नाही, एवढाच त्या कथेचा मथितार्थ. आणखी एक समजूत उज्जैनला या टेकडीशी जोडते. टेकडीवरून एक भुयार थेट उज्जैनच्या भर्तृहरी गुहेपर्यंत गेलेले आहे आणि राजा भर्तृहरी त्या वाटेने देवीच्या दर्शनास येत असे, असे सांगतात. इतिहास अशा भुयारांना मान्यता देत नाही. परंतु दोन गावांच्या लोकांना एकमेकांच्या घरी जाण्याची आतली वाट असावीशी वाटते, ही गोष्ट काही खोटी नाही.

बहिणींची ही कथा जुनी असो वा मागाहून रचलेली असो, देवासच्या इतिहासाला ती विलक्षण लागू पडते. अठराव्या शतकात पेशवा पहिला बाजीराव माळव्यात उतरला तेव्हा त्याच्याबरोबर पवार घराण्यातील तुकोजी व जिवाजी हे दोघे भाऊ होते. इ. स. १७२८ च्या सुमारास ते माळव्यात आले आणि देवासचा मुलूख त्यांच्याकडे आला. तो दोघांना मिळून मिळालेला होता. पुढे शिंदे, होळकर, धारचे पवार यांची मोठी संस्थाने उभी राहिली. देवास लहानच राहिले, पण लहान असूनही त्याची दोन संस्थाने झाली. थोरल्या भावाच्या वंशाची ती 'थोरली पाती' आणि धाकट्याच्या वंशाची ती 'धाकटी पाती'. १८१८ साली इंग्रजांशी तह झाला तोही दोन्ही पात्यांनी मिळून केला. दोन्ही राजांना पंधरा-पंधरा तोफांची सलामी असे.

संस्थाने वाटली जाणे ही काही अपूर्व गोष्ट नाही. महाराष्ट्रात छत्रपतींच्या गादीच्या सातारा व कोल्हापूर अशा दोन शाखा झाल्या, पटवर्धनांच्याही निरनिराळ्या शाखा झाल्या. परंतु त्यांची गावे निराळी होती. देवासची गंमत अशी की, राजे दोन आणि राजधानी एकच. एकाच गावात दोन राजवाडे, दोन दरबार, दोन फौजा, दोन कचेऱ्या. रस्त्याच्या एका बाजूला थोरल्या पातीचा अंमल, तर दुसऱ्या बाजूला धाकट्या पातीचा. खेडीसुद्धा एकमेकांत मिसळलेली; एका पातीच्या गावातून निघून आपल्याच पातीच्या दुसऱ्या गावी जायचे तर मध्ये दुसऱ्या पातीची हद्द ओलांडावी लागे. हे सारे ज्याने डोळ्यांनी पाहिले त्या एका इंग्रज लेखकाला पुढे एका बाईने ठणकावून सांगितले की, अशी व्यवस्था असणे शक्यच नाही!

आजच्या वाचकाला यात हसू यावे, आणि त्या वेळच्या प्रवाशांनाही येत असे. परंतु गावात राहणाऱ्या माणसाच्या दृष्टीने यात हसण्यासारखे थोडे नि सांभाळण्यासारखे फार होते. सोयरिका रस्त्याच्या दोन्ही बाजूंना होत. बाजार एकच होता. सण दोन्हीकडे एकाच दिवशी येत. मानापानाचे तंटे वाड्यांत होत आणि खाली माणसे एकमेकांच्या घरी पुरणपोळीला जात. १९०१ सालच्या शिरगणतीत या गावाची लोकसंख्या सुमारे पंधरा हजार भरली. एवढ्याशा गावावर दोन राजांची छत्रे होती, आणि त्या दोन्ही छत्रांवर टेकडीची सावली पडत होती. थोरल्या पातीचा माणूस चढला काय नि धाकट्या पातीचा चढला काय, वर पोहोचल्यावर दोघांना थोरली व धाकटी या दोन्ही देवींपुढे नमावेच लागे.

थोरल्या पातीचे तिसरे तुकोजीराव हे १८८८ साली जन्मले आणि बालवयातच, १८९९ मध्ये, गादीवर आले. त्यांच्या शिक्षणासाठी १९०७ साली माल्कम डार्लिंग नावाचा एक तरुण इंग्रज अधिकारी नेमण्यात आला. पंजाबातील शेतकऱ्यांच्या कर्जबाजारीपणावर पुढे ज्याने गाजलेला ग्रंथ लिहिला, तोच हा डार्लिंग. गुरुशिष्यांचे सख्य जमले. या डार्लिंगचा मित्र म्हणजे एडवर्ड मॉर्गन फॉर्स्टर हा कादंबरीकार. तो १९१२ सालच्या अखेरीस प्रथम देवासला आला, आणि १९२१ मध्ये तुकोजीरावांचा खाजगी चिटणीस म्हणून सुमारे सहा महिने तेथे राहिला.

चिटणीसाच्या हाती काय दिले होते? बागा, तळी, मोटारी, पाहुणघर आणि विजेचे घर! फॉर्स्टरला यांपैकी कशाचेच विशेष ज्ञान नव्हते. नवा राजवाडा बांधला जात होता. तो पुरा होण्याआधीच त्याचे काही भाग ढासळू लागले होते. पैशाचा हिशेब लागत नव्हता. तरीही या गावातली माणसे, त्यांचा जिव्हाळा, त्यांचे रुसवे-फुगवे फॉर्स्टरने घरी पाठविलेल्या पत्रांतून टिपून ठेवले. त्या वर्षीची गोकुळाष्टमी त्याने जुन्या वाड्यात पाहिली. महाराज स्वतः देवापुढे अनवाणी नाचत होते आणि तुकारामाचे अभंग गात होते. नर्मदेच्या उत्तरेस, हिंदी मुलखात, एका मराठी राजाच्या मुखी देहूच्या वाण्याचे शब्द, आणि ऐकणारा केंब्रिजचा पदवीधर! १९२४ साली प्रसिद्ध झालेल्या 'ए पॅसेज टू इंडिया' या त्याच्या कादंबरीत अखेरचा भाग कृष्णजन्मोत्सवाचा आहे. त्याचे मूळ देवासच्या या वाड्यात आहे. पुढे तीस वर्षांनी, १९५३ मध्ये, त्याने आपली ती पत्रे एकत्र करून छापली. पुस्तकाला महाराजांचे वा राजवाड्याचे नाव द्यावे असे त्याला वाटले नाही. त्याने नाव दिले ते टेकडीचे: 'द हिल ऑफ देवी'.

राजवाड्याचे दिवस मात्र सरत आले होते. तुकोजीरावांचा विवाह १९०८ साली कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या कन्येशी झालेला होता. तो संसार सुखाचा झाला नाही. कर्ज वाढत गेले. शेवटची वर्षे तुकोजीरावांनी आपले संस्थान सोडून फ्रेंचांच्या पाँडिचेरीत काढली आणि १९३७ च्या डिसेंबरात तेथेच त्यांचा अंत झाला. टेकडीपासून इतक्या दूर, समुद्रकाठी, हा माळव्याचा राजा कशाची आठवण काढीत असेल? चिरंजीव विक्रमसिंहराव गादीवर आले, आणि दहा वर्षांनी, १९४७ मध्ये, ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले. पुढील वर्षी, १९४८ मध्ये, दोन्ही पात्या मध्यभारत संघात विलीन झाल्या. रस्त्याच्या मधोमध गेलेली ती न दिसणारी रेघ सुमारे दोनशे वीस वर्षांनी पुसली गेली. टेकडीवरील दोन देवी तेवढ्या आपापल्या जागी राहिल्या.

आणि त्याच १९४८ सालच्या जानेवारीत एक तरुण जोडपे देवासला आले. तारीख होती ३० जानेवारी. दिल्लीत गांधीजींची हत्या झाली तो दिवस. नवऱ्याचे वय अवघे तेवीस वर्षांचे. नाव शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली; परंतु बालपणापासून सारा देश त्यांस कुमार गंधर्व या नावाने ओळखत होता. बेळगावजवळच्या सुळेभावी गावी १९२४ साली जन्मलेले हे मूल लहान वयातच नामांकित गवयांची गाणी हुबेहूब गाऊन दाखवीत असे. मुंबईत प्रा. बा. र. देवधर यांच्या विद्यालयात त्यांचे शिक्षण झाले आणि तेथेच भानुमती कंस या गायिकेशी परिचय होऊन १९४७ साली विवाह झाला. त्याच सुमारास क्षयाचे निदान झाले. मुंबईची दमट हवा सोडून कोरड्या हवेच्या ठिकाणी जावे असा सल्ला मिळाला, म्हणून ही दोघे माळव्यात आली.

त्या काळी क्षय या शब्दाचा अर्थ काय होता हे आज सांगावे लागेल. स्ट्रेप्टोमायसिन हे औषध १९४३ साली सापडले होते खरे, परंतु हिंदुस्थानातल्या सामान्य रोग्याच्या हाती ते लागणे कठीण होते. घराघरांतून या रोगाचे नाव मोठ्याने घेत नसत. रोग्याची भांडी वेगळी, खोली वेगळी. त्यातून हा रोगी गवई. त्याचे सारे धन छातीच्या पिंजऱ्यात. डॉक्टरांनी गाण्यास सक्त मनाई केली. ज्याने दहाव्या-बाराव्या वर्षी मोठमोठ्या सभा जिंकल्या, त्याने आता गुणगुणायचेही नाही असे ठरले. भानुमतीबाईंनी देवासला शाळेत शिकविण्याचे काम पत्करले आणि सेवा-शुश्रूषा व संसार दोन्ही एका हाताने चालविले. सकाळी रोग्याचे सर्व करून शाळा गाठायची, दिवसभर परक्या मुलांपुढे उभे राहायचे, संध्याकाळी परत येऊन दिव्याच्या उजेडात तापाचा पारा पाहायचा. असे एक-दोन दिवस सर्वांनाच जमते. त्या माउलीने ते वर्षानुवर्षे केले. कुमारांच्या गाण्याचा इतिहास लिहिताना राग आणि ताल यांचा विचार होतो, तो व्हावाच. पण त्या गाण्याच्या मुळाशी एका शिक्षिकेचा पगार होता हेही विसरता कामा नये.

बिछान्यावर पडलेल्या माणसाला कान तेवढे मोकळे होते. खिडकीतून माळव्यातल्या बायांची गाणी ऐकू येत. लग्नाची, बाळंतपणाची, पावसाची, सणांची. वाटेने जाणारे नाथपंथी जोगी एकतारीवर कबीराची व गोरक्षनाथाची पदे म्हणत. देवासला शीलनाथ महाराजांची धुनी आहे, तेथे या गायनाची परंपरा जागती होती. या गाण्यांना कोणी शास्त्र शिकविलेले नव्हते, तरी स्वर नेमके लागत. गाता येत नाही म्हणून ऐकत राहिलेल्या त्या गवयाच्या ध्यानात आले की, राग म्हणजे ग्रंथांत मांडून ठेवलेली वस्तू नव्हे. त्यांचे बीज या लोकधुनांत आहे. आजार हा शाप खराच, परंतु त्या शापातच हा वर लपलेला होता. पाच वर्षांच्या मौनानंतर, औषधाचा गुण येऊन, १९५३ मध्ये कुमार पुन्हा मैफलीत बसले. एक फुप्फुस जवळजवळ निकामी झालेले होते. लहान लहान तुकड्यांनी, एकदम झेप घेऊन थांबणारी त्यांची जी गायकी झाली, तिच्यात या दुखण्याचा वाटा आहे असे जाणकार सांगतात. 'गीत वर्षा', 'गीत हेमंत', 'गीत वसंत' हे ऋतूंचे कार्यक्रम, निर्गुणी भजने, माळव्याची लोकगीते आणि १९६५ साली प्रसिद्ध झालेला 'अनूपरागविलास' हा बंदिशींचा ग्रंथ, हे सारे त्या पडून काढलेल्या वर्षांचे पीक होय.

हे पीक पाहण्यास भानुमतीबाई फार काळ राहिल्या नाहीत. १९६१ साली बाळंतपणात त्यांचा मृत्यू झाला. टेकडीच्या पायथ्याच्या कुमारांच्या घराचे नाव 'भानुकुल' आहे. पुढील वर्षी कुमारांचा विवाह वसुंधराबाईंशी झाला. त्या स्वतः उत्तम गायिका, आणि कुमारांना अखेरपर्यंत त्यांची साथ होती. कीर्ती झाली, पद्मभूषण, पद्मविभूषण हे सन्मान आले, मुंबई-पुण्याचे आग्रह झाले. तरी कुमारांनी देवास सोडले नाही. १२ जानेवारी १९९२ रोजी त्यांनी याच गावी देह ठेवला. बरे होण्यासाठी आलेला पाहुणा चव्वेचाळीस वर्षे राहिला. याच गावात खाँसाहेब रजब अली खाँ यांच्यासारखे बुजुर्ग गवईही १९५९ मध्ये निधन होईपर्यंत नांदत होते. एवढ्याशा गावाच्या वाट्याला एवढे स्वर यावेत हे आश्चर्यच!

परंतु गाव एवढेसे राहिले नाही. आग्रा-मुंबई रस्ता देवासवरून जातो. स्वातंत्र्यानंतर, विशेषतः १९७० नंतरच्या काळात, या रस्त्याच्या कडेने कारखाने आले. नोटा छापण्याचा सरकारी छापखानाही येथेच निघाला. बाहेरगावचे कामगार आले, अधिकारी आले, शाळा व वसाहती वाढल्या. टेकडीच्या एका अंगास जुने गाव होते; आता तिच्या सभोवार वस्तीने वेढा दिला. २०११ च्या शिरगणतीत देवास शहराची लोकसंख्या २ लाख ८९ हजारांवर गेली. पंधरा हजारांची देवी जवळजवळ तीन लाखांची झाली.

या भरभराटीत एक गोष्ट कोणाच्या ध्यानात आली नाही. टेकडीवर पडलेले पावसाचे पाणी पूर्वी चहूबाजूंनी खाली उतरे आणि गावातल्या लहानमोठ्या तळ्यांत साचे. ती तळी सार्वजनिक होती. कोणी बांधलेली, कोणी उपसलेली, कोणी पूजलेली. गाव वाढू लागले तशी मोकळी जागा महाग झाली, आणि गावातली सर्वांत मोकळी जागा म्हणजे उन्हाळ्यात आटलेले तळे. एकेक तळे बुजत गेले नि त्यावर घरे व कारखाने उभे राहिले. पाण्याची अडचण वाटली नाही, कारण जमिनीत नळ खोल उतरवून पाणी उपसण्याची युक्ती हाती आली होती. पण बसाल्टाच्या खडकात पाणी राहते ते भेगांत आणि वरच्या झिजलेल्या थरात. वाळूच्या मुलखासारखा अथांग साठा तेथे नसतो. वरून भर घालणारी तळी गेली आणि खालून उपसा वाढला. शंभर फुटांवरचे पाणी दोनशेवर, दोनशेचे चारशेवर, असे ते खाली खाली जात राहिले.

शेवटी १९९० च्या एप्रिलमध्ये, पावलोपावली भाकरी नि पाणी मिळते असा ज्या माळव्याचा लौकिक, त्या माळव्यातल्या देवास शहराला रेल्वेने पाणी आणावे लागले. इंदुराहून टाक्यांनी भरलेली गाडी देवास स्टेशनात येई, पाणी मोटारींत भरले जाई, मग गल्लोगल्ली वाटले जाई. ज्या बाया पूर्वी तळ्याच्या पायरीवर घागर बुडवीत, त्यांच्या लेकीसुना आगगाडीची वाट पाहू लागल्या. अनुपम मिश्र यांनी तळ्यांवर लिहिलेल्या प्रसिद्ध हिंदी पुस्तकात देवासची ही कहाणी सांगितली आहे. ती वाचून पुष्कळांचे डोळे उघडले.

येथे त्या दोन पात्यांचा पुन्हा विचार करावासा वाटतो. दोन राजांच्या कारभारात घोटाळा होता, उधळपट्टी होती, मानापानाचा पोरखेळही होता. तो काळ परत यावा असे कोणीही सुज्ञ माणूस म्हणणार नाही. परंतु तेव्हा गावातली प्रत्येक विहीर, प्रत्येक ओटा कोणत्या ना कोणत्या पातीचा होता. 'हे आमचे आहे' असे म्हणणारा कोणीतरी असे, आणि कधीकधी दोघेही तसे म्हणत. एका चिटणीसाकडे मोटारींबरोबर तळीही सोपविलेली असत, आणि तो ती सांभाळू शकला नाही तर निदान कोणाला जाब विचारायचा हे ठाऊक असे. रेघ पुसली गेली, सारे गाव सर्वांचे झाले. हे उत्तम झाले. पण जे सर्वांचे ते कोणाचेच नाही असा अर्थ आपण घेतला, तेथे घात झाला. स्वराज्यात राजाचे हक्क प्रजेकडे आले, तशी राजाची कामेही प्रजेकडेच आली होती. हक्क आपण लगेच उचलले. कामे तशीच पडून राहिली.

सुदैवाने कहाणी तेथे संपत नाही. २००६ च्या सुमारास देवास जिल्ह्याचे जिल्हाधिकारी उमाकांत उमराव यांनी शेतकऱ्यांना एक साधी गोष्ट पटवून दिली. आपल्या शेताचा सुमारे दहावा भाग तळ्यासाठी सोडा. उरलेले नऊ भाग त्यावर दुप्पट पिकतील. प्रथम कोणाचा विश्वास बसेना. शेतकऱ्याला जमीन सोड म्हणणे हे आईला मूल सोड म्हणण्यासारखे. पण काही मोठ्या शेतकऱ्यांनी धाडस केले, त्यांच्या शेतात दुसऱ्या वर्षी गहू डोलू लागला, आणि मग टोंकखुर्दच्या बाजूस व इतरत्र हजारो तळी खणली गेली. त्यांना 'रेवासागर' असे नाव मिळाले. उन्हाळ्यात त्या तळ्यांवर पाणपक्षी उतरू लागले. राजाज्ञेने वा देवाच्या नवसाने हे झाले नाही. एकाच्या शेतातले पाणी दुसऱ्याच्या विहिरीस उपयोगी पडते हे लोकांनी डोळ्यांनी पाहिले म्हणून झाले.

शहराची तहान मात्र आता दुरून येणाऱ्या पाण्यावर भागते, आणि येथे उज्जैनचा संबंध पुन्हा येतो. देवासचा उतार नागधम्मन नाल्यावाटे क्षिप्रेला मिळतो, आणि क्षिप्रा उज्जैनकडे जाते. देवासने जे पाण्यात सोडावे ते उज्जैनच्या घाटावर पोहोचावे असा हा हिशेब आहे. क्षिप्रेचा स्वतःचा प्रवाह उन्हाळ्यात इतका क्षीण झाला की, २०१४ साली नर्मदेचे पाणी उचलून तिच्या उगमाजवळ सोडण्यात आले, आणि २०१६ च्या सिंहस्थात लाखो भाविकांनी ज्या पाण्यात स्नान केले त्यात नर्मदेचा मोठा वाटा होता. भर्तृहरीचे भुयार खरे असो वा नसो, देवास आणि उज्जैन यांना जोडणारी एक आतली वाट आहेच. ती पाण्याची आहे. वरच्या गावाने काय केले हे खालच्या गावास कळल्यावाचून राहत नाही.

सायंकाळी देवासच्या टेकडीवर उभे राहून खाली पाहावे. एका बाजूस जुन्या गावाची कौले व नवे गच्चीचे मजले एकमेकांना खेटून उभे असतात. पलीकडे कारखान्यांची धुराडी, रेल्वेची रेघ, मोठ्या रस्त्यावरून न संपणारी मालमोटारींची रांग. मीठा तलावाचे पाणी मावळत्या उन्हात चकाकते. बुजलेल्या तळ्यांपैकी कोणते कोठे होते हे सांगणारी म्हातारी माणसे आता थोडीच उरली आहेत. थोरली पाती कोठून कोठे आणि धाकटी कोठून कोठे, हे तर वरून मुळीच ओळखता येत नाही. दिवे लागू लागतात, ते सगळीकडे सारखेच लागतात. पायथ्याच्या एखाद्या घरातून तंबोऱ्याचा स्वर वर येईल असा मनाला भास होतो.

टेकडीने राजे पाहिले, चिटणीस पाहिला, रोगी आणि त्याची शुश्रूषा करणारी शिक्षिका पाहिली, पाण्याची गाडीही पाहिली. तिने कोणाचेच काही अडविले नाही आणि कोणाला काही नाकारलेही नाही. रुसलेल्या दोन बहिणींना हनुमान नि भैरव यांनी थांबविले, असे कथा सांगते. आता टेकडीवरून उतरून जाणाऱ्या पावसाच्या पाण्याला थांबविण्याची पाळी पायथ्याच्या माणसांची आहे. पाणी एकदा निघून गेले म्हणजे, देवींप्रमाणे, विनवणी केल्याने ते माघारी वळत नाही.